फुकटची अफवा आणि महागडे सत्य

जुलै २०१०च्या तिसऱ्या आठवड्यात ब्रिटिश वृत्तपत्रांतून निघालेली एक बातमी भारतातील वृत्तपत्रांनी आणि वृत्तवाहिन्यांनी मोठ्या हौसेने उचलली. सचिन तेंडुलकर यांच्या कारकिर्दीवर क्रॅकन नावाची एक ब्रिटिश प्रकाशनसंस्था भव्य ग्रंथ काढीत आहे. ग्रंथाची पाने ८५२, वजन ३७ किलो, कडा सोन्याच्या वर्खाने मढवलेल्या. त्याची अवघ्या दहा प्रतींची एक खास आवृत्ती निघणार असून तिच्यातील स्वाक्षरीच्या पानासाठी जो लगदा तयार होईल त्यात खुद्द तेंडुलकरांचे रक्त मिसळलेले असेल. एका प्रतीची किंमत ७५ हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने सुमारे ३५ लाख रुपये. दहाही प्रती आगाऊ विकल्या गेल्या आहेत आणि मिळणारा पैसा मुंबईत शाळा बांधण्यासाठी तेंडुलकरांच्या धर्मादाय संस्थेकडे जाणार आहे, ही पुस्तीही बातमीला जोडलेली होती. हे सारे सांगणारे गृहस्थ कोण होते? ग्रंथ विकावयास काढणाऱ्या कंपनीचे प्रमुख.

थोड्याच दिवसांत तेंडुलकरांनी स्वतः खुलासा केला की, ग्रंथात आपले रक्त असणार ही गोष्ट खरी नाही. तो खुलासाही छापून आला. तेथे प्रकरण मिटले असे संपादकांनी मानले. वस्तुतः ते तेथे सुरू व्हावयास हवे होते. एक विक्रेता आपल्या मालाबद्दल एक अद्‌भुत गोष्ट सांगतो. ती जगभर बातमी म्हणून छापली जाते. ज्याच्या शरीरातले रक्त, तोच ती नाकारतो. आणि तरीही, ज्यांनी ती छापली त्यांच्यापैकी कोणाला आपण वाचकाचे काही देणे लागतो असे वाटत नाही. या घटनेला पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला. पण तीत जी यंत्रणा उघडी पडली ती त्यानंतर अधिकच सफाईदार झाली आहे, म्हणून तिची चिकित्सा आजही आवश्यक आहे.

येथे एक खुलासा आरंभीच केलेला बरा. प्रस्तुत लेखाचा रोख तेंडुलकर यांच्यावर नाही. त्यांनी अफवा पसरवली नाही, उलट ती खोडून काढली. रोख आहे तो अफवेला बातमीची वस्त्रे चढवणाऱ्या व्यवस्थेवर. आणि या व्यवस्थेला 'भाबडी' म्हणून सोडून देण्याची जी प्रथा आपल्या पुरोगामी वर्तुळातही रूढ झाली आहे तिच्यावर. भाबडेपणा हा गरिबाचा दोष असतो. ज्याच्याकडे दूरध्वनी आहे, वार्ताहर आहेत, परदेशी प्रतिनिधी आहेत आणि वकील आहेत, तो भाबडा असत नाही. त्याने चौकशी न करण्याचा निर्णय घेतलेला असतो.

चौकशीला किती खर्च आला असता?

ज्या आठवड्यात ही बातमी फिरत होती त्याच आठवड्यात तेंडुलकर श्रीलंकेत गॉल येथे कसोटी सामना खेळत होते. मुरलीधरनने आठशेवा बळी घेतला तो हाच सामना. भारतीय वार्ताहर तेथे हजर होते. म्हणजे, बातमीचा नायक वार्ताहरांच्या दृष्टीच्या टप्प्यात मैदानावर उभा होता. संघाच्या व्यवस्थापकाकडे एक चिठ्ठी पाठवून 'हे खरे आहे काय?' एवढेच विचारावयाचे होते आणि उत्तर येईपर्यंत एक-दोन दिवस थांबावयाचे होते. पण थांबणे हाच आजच्या वृत्तव्यवसायातला सर्वांत महागडा खर्च आहे. प्रतिस्पर्ध्याने बातमी दिली आणि आपण दिली नाही, या भीतीपुढे बातमी खोटी निघण्याची भीती टिकत नाही. कारण पहिल्या भीतीला व्यवस्थापनाच्या दरबारी जाब द्यावा लागतो. दुसरीला कोणाच्याच दरबारी द्यावा लागत नाही.

या प्रवृत्तीचे अर्थशास्त्र समजून घेतले पाहिजे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक मूलभूत सिद्धांत मांडला, ज्या कार्यासाठी पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मोटार चांगली की खराब हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घेणाऱ्याला फरक ओळखता येत नसल्यामुळे तो दोन्हींना सारखीच, मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली मोटार विकणे परवडत नाही, म्हणून चांगला माल हळूहळू बाजारातून बाहेर पडतो आणि खराब माल तेवढा शिल्लक राहतो.

बातमीच्या बाजाराला हा सिद्धांत अक्षरशः लागू पडतो. तपासून घेतलेली बातमी आणि न तपासता छापलेली बातमी कागदावर सारखीच दिसते. तोच टाइप, तोच मथळा, तीच किंमत. तपासण्यासाठी माणूस लागतो, प्रवासखर्च लागतो, वेळ लागतो. अफवा मात्र घरपोच येते, छायाचित्रांसह येते आणि तिच्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. वाचक दोहोंना सारखेच मानत असेल तर जो संपादक तपासणीवर खर्च करतो तो बाजारात नुकसानीत जातो. त्यातच वाचक अंकासाठी जी किंमत देतो तीत कागदाचा खर्चही धड निघत नाही. वृत्तपत्र चालते ते जाहिरातदाराच्या पैशावर. अशा धंद्यात सत्य हा खर्चाच्या बाजूचा आकडा आणि अफवा ही बचतीच्या बाजूचा आकडा होऊन बसतो. 'माध्यमे फसली' असे आपण म्हणतो तेव्हा या हिशेबाकडे डोळेझाक करतो. ती फसली नाहीत. त्यांनी काटकसर केली.

आता विक्रेत्याच्या बाजूचा हिशेब पाहा. दहा प्रतींची एकूण किंमत साडेसात लाख डॉलर, म्हणजे सुमारे साडेतीन कोटी रुपये. परंतु त्या दहा प्रती हा खरा व्यापार नव्हताच. त्यांच्या मागोमाग हजारो डॉलर किमतीच्या साधारण हजारभर प्रतींची दुसरी आवृत्ती विकावयाची होती. एवढ्या महाग वस्तूची जाहिरात जगातील वृत्तपत्रांत पैसे मोजून द्यावयाची ठरवली असती तर किती खर्च आला असता याची कल्पना जाहिरातीचे दरपत्रक पाहिलेल्या कोणालाही करता येईल. शिवाय पैसे मोजून दिलेल्या जाहिरातीवर वाचक विश्वास ठेवीत नाही, बातमीवर ठेवतो. म्हणजे प्रकाशकाला जागा फुकट मिळाली आणि विश्वासार्हताही फुकट मिळाली. आणि खुलासा? तोही बातमीच होता. ग्रंथाचे नाव पुन्हा छापून आले. अफवेच्या दिवशी एकदा आणि खंडनाच्या दिवशी पुन्हा, अशी एकाच मालाची दोनदा जाहिरात झाली.

लहरी कोणाच्या?

येथे प्रश्न विचारला जाईल की, क्रिकेटपटूला दूरचित्रवाणीच्या दुनियेतला माणूस कसे म्हणावे? तेंडुलकरांचे खेळातले कर्तृत्व निर्विवाद आहे. पण क्रिकेटपटूचे रक्त विकाऊ होऊ शकते ही कल्पना ज्या काळात सुचते, तो काळ दूरचित्रवाणीने घडवलेला आहे. विजय मर्चंट किंवा विजय हजारे यांचा चाहता त्यांना मैदानावर पाही किंवा आकाशवाणीवर त्यांच्याविषयी ऐके. त्यांच्या रक्ताच्या थेंबाचा लिलाव करावा असे कोणा प्रकाशकाच्या स्वप्नातही आले नाही. १९९० नंतर उपग्रहवाहिन्या आल्या, खेळाडूचा चेहरा दर षटकाच्या अखेरीस जाहिरातीत दिसू लागला आणि त्या चेहऱ्याचे दर ठरू लागले. १९९५ मध्ये वर्ल्डटेल या कंपनीने तेंडुलकरांशी पाच वर्षांचा कोट्यवधी रुपयांचा करार केला, तो धावांच्या नव्हे, चेहऱ्याच्या जोरावर.

याच वर्षाच्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरूनच उद्‌भवलेल्या खटल्यात, बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात, एक ऐतिहासिक निर्णय दिला. ध्वनिलहरी व प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. समाजवादी चळवळीने हा निर्णय डोक्यावर घेऊन गावोगाव सांगावयास हवा होता. प्रत्यक्षात काय झाले? सरकारची मक्तेदारी सैल झाली, पण तिची जागा लोकांनी घेतली नाही. ती मूठभर कंपन्यांनी घेतली. लहरी सार्वजनिक राहिल्या, नफा खाजगी झाला. त्या लहरींवरून विक्रेत्याची अफवा जेव्हा बातमी म्हणून घरात येते तेव्हा ती आपल्याच मालकीच्या रस्त्यावरून, आपल्यालाच फसवण्यासाठी, जकात न भरता येते.

'एवढे काय बिघडले?'

पुष्कळ सज्जन म्हणतील, 'यात कोणाचे काय बिघडले? एक गंमतीची बातमी होती. शाळाही बांधली जाणार होती. गंभीर विषयांवर वृत्तपत्रे गंभीर असतातच.' हा युक्तिवाद वरकरणी समंजस दिसतो. त्याचे उत्तर त्याच महिन्यातील दुसऱ्या एका घटनेत आहे.

२००९च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत तीन मोठ्या मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापला गेला, हे पी. साईनाथ यांनी त्या वर्षीच्या नोव्हेंबरात 'द हिंदू'मधून उघडकीस आणले. चव्हाण यांनी आरोप नाकारला. पुढे निवडणूक आयोगाने जुलै २०१४ मध्ये त्यांना नोटीस दिली आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. व्यक्तीच्या दोषादोषाचा प्रश्न तेथे संपला. परंतु तीन स्वतंत्र संपादकीय विभागांना एकच मजकूर एकाच शब्दांत कसा सुचला, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही न्यायालयाने दिलेले नाही. या व अशा प्रकारांची चौकशी करण्यासाठी भारतीय वृत्तपत्र परिषदेने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची द्विसदस्य उपसमिती नेमली. तिने देशभर साक्षी घेऊन, वृत्तपत्रांची नावे घेऊन, ७१ पानांचा अहवाल दिला. ३० जुलै २०१० रोजी परिषदेने तो अहवाल बाजूला सारला आणि नावे गाळलेला एक आटोपशीर अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल लोकांना वाचावयास मिळाला तो २०११च्या उत्तरार्धात, केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिल्यानंतर.

दोन घटना शेजारी ठेवून पाहा. एकाच महिन्यात, ज्या ग्रंथात रक्त नव्हते त्याची बातमी झाली आणि ज्या अहवालात वृत्तपत्रांचेच सत्य होते तो कपाटात गेला. जे वृत्तपत्र प्रकाशकाच्या अफवेला फुकट जागा देते, ते उद्या उमेदवाराच्या स्तुतीला पैसे घेऊन जागा देते. सवय एकच आहे: सांगणाऱ्याचा हितसंबंध वाचकापासून लपवणे. गंमतीच्या बातमीत ही सवय लागते आणि निवडणुकीत ती विकली जाते.

चार वर्षांनी तेंडुलकरांचे प्रत्यक्ष आत्मचरित्र, 'प्लेइंग इट माय वे', प्रसिद्ध झाले. नोव्हेंबर २०१४च्या पहिल्या आठवड्यात प्रकाशनापूर्वीच त्यातील निवडक उतारे वृत्तसंस्थेमार्फत बाहेर आले. माजी प्रशिक्षक ग्रेग चॅपल यांनी २००७च्या विश्वचषकापूर्वी आपल्याला द्रविड यांच्या जागी कर्णधारपद घेण्याविषयी सुचवले, हा त्यांतील खळबळजनक भाग. चॅपल यांनी लगोलग इन्कार केला. पाठोपाठ आकडा आला: दीड लाखाहून अधिक प्रतींची, नेमकी १,५०,२८९ प्रतींची, आगाऊ मागणी. आकडा प्रकाशकांचा, छापणारे आपण. दुकानांकडून नोंदवलेली मागणी आणि वाचकाने विकत घेतलेली प्रत या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. दुकानदाराला न खपलेली प्रत परत करता येते. पण मथळ्यात हा भेद कोठे दिसणार?

त्याच पंधरवड्यात आपल्या नगर जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यातील जवखेडे खालसा येथे एका दलित कुटुंबातील तिघांची निर्घृण हत्या झालेली होती. सोनई आणि खर्डा या घटनांची जखम ओली असताना हे घडले, म्हणून साऱ्या महाराष्ट्रात संताप उसळला. मोर्चे निघाले, पुढारी आले, वाहिन्यांच्या मोटारी आल्या. नाना तर्क रोज प्रक्षेपित झाले. डिसेंबरात पोलिसांनी मृतांच्याच भाऊबंदांना अटक केली तेव्हा या तर्कांचे काय झाले? ते मागे घेतले गेले नाहीत, केवळ थांबले. या प्रकरणाला काय हवे होते? गावात आठ-पंधरा दिवस मुक्काम करील, पोलिसांचे म्हणणे, नातलगांचे म्हणणे, गावकऱ्यांचे म्हणणे वेगवेगळे टिपून ठेवील आणि ठाऊक नसलेले ठाऊक नाही असे लिहील, असा वार्ताहर. असा वार्ताहर घडवावा लागतो, पोसावा लागतो. पुस्तकाच्या पुरवलेल्या उताऱ्यांवर पाने भरण्याची चटक ज्या व्यवसायाला लागली, त्याच्याकडे अशा प्रसंगी माणूसही उरत नाही आणि विश्वासार्हताही उरत नाही. मग पीडितांची खरी बातमीही लोकांना 'पेपरवाल्यांची बातमी' वाटू लागते. विश्वासाची ही नासाडी सर्वांत आधी दुबळ्यांना भोवते, कारण धनिकाला न्याय मिळवण्यासाठी वृत्तपत्र लागत नाही.

प्रसिद्धीच्या या खेळात माणसेही चिरडली जातात. ऑक्टोबर २०१७ मध्ये अभिनेते नवाजुद्दीन सिद्दीकी यांच्या 'ॲन ऑर्डिनरी लाइफ' या आत्मकथनातील निवडक उतारे झळकले. निवडले गेले ते अर्थातच स्त्रियांशी असलेल्या संबंधांचे. ज्या स्त्रियांविषयी ते मजकूर होते, त्यांना छापण्यापूर्वी विचारण्याची तसदी घेण्यात आली नाही. ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांनी जाहीर आक्षेप घेतला, तक्रार झाली, आणि महिना संपण्याच्या आत लेखकाने क्षमा मागून पुस्तक मागे घेतले. पुस्तक मागे घेता आले. छापलेले उतारे मागे घेता आले नाहीत. लेखकाने क्षमा मागितली. उतारे चवीने छापणाऱ्यांपैकी किती जणांनी मागितली?

हा रोग एका देशाचा नाही

एप्रिल १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीतील 'श्टर्न' या साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या सापडल्याचा डांगोरा पिटला. त्यांसाठी त्याने लाखो मार्क मोजलेले होते. ब्रिटनच्या 'संडे टाइम्स'ने हक्क विकत घेतले. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्यासारख्या नामवंत इतिहासकाराने प्रथम खरेपणाचा निर्वाळा दिला आणि मग ऐनवेळी शंका व्यक्त केली. तरीही छपाई थांबली नाही. दोन आठवड्यांच्या आत कागद आणि अन्य साहित्य युद्धोत्तर काळातील असल्याचे रासायनिक तपासणीत सिद्ध झाले. लिहिणारा निघाला कोनराड कुयाउ नावाचा बनावटखोर. तो तुरुंगात गेला. पण 'संडे टाइम्स'चा त्या निमित्ताने वाढलेला खप काही अंशी पुढेही टिकून राहिला. म्हणजे अफवेचा नफा मालकाच्या पदरात पडला आणि शिक्षा कारागिराला झाली. जेथे खोटे छापण्याचा दंड शून्य आणि लाभ निश्चित, तेथे खोटे छापले जाणार, ही नीतिशास्त्राची नव्हे, अंकगणिताची बाब आहे.

आपल्या जिल्ह्यालाही हे अंकगणित अपरिचित नाही. नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर हे दारे नसलेले, चोरी न होणारे गाव म्हणून चित्रपटांनी आणि वाहिन्यांनी देशभर नेले. २०१० मध्ये एका भाविकाच्या वाहनातून रोकड चोरीस गेल्याची नोंद झाली. तरी जानेवारी २०११ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेने तेथे 'बिनकुलपाची' शाखा उघडल्याची बातमी कौतुकाने छापली गेली. शाखेच्या दाराला सहज न दिसणारे विद्युत्‌चुंबकीय कुलूप आहे, हा तपशील फार थोड्यांनी सांगितला. पुढे २०१५ मध्ये तेथे पोलीस ठाणेही आले. आणि जुलै २०२५ मध्ये याच देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांची फसवणूक झाल्याचे प्रकरण विधानसभेत गाजले. दाराला कडी नसल्याचे छायाचित्र तीस वर्षे काढले गेले. देणगीच्या हिशेबाकडे कॅमेरा वळण्यास फार उशीर झाला. श्रद्धा ही भाविकाची खाजगी बाब आहे. तिच्यावर उभा राहिलेला व्यवहार ही सार्वजनिक बाब आहे. या दोहोंतील फरक दाखवणे हेच वृत्तपत्राचे काम होते.

याच नेवासा तालुक्यातील तरवडी या खेड्यातून मुकुंदराव पाटील यांनी 'दीनमित्र' चालवले. १९१० मध्ये सोमठाणे येथून आरंभ करून १९६७ मध्ये निधन होईपर्यंत, सत्यशोधक विचारांचे हे पत्र त्यांनी खेड्यातून, शेतकऱ्यांसाठी निष्ठेने काढले. त्यांच्याजवळ ना जाहिरातदार होते, ना वृत्तसंस्था. पण सत्याचा शोध हा खर्च त्यांनी कधी वाचवला नाही. तो त्या पत्राच्या चळवळीच्या नावातच होता. आणि ज्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ नंतर काँग्रेसचे नेते स्थानबद्ध होते, तेथे पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये 'भारताचा शोध' लिहिला, मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे लिहिली, समाजवादी चळवळीचे आचार्य नरेंद्र देव यांनी 'अभिधर्मकोशा'च्या अनुवादाचे काम केले. त्या पुस्तकांच्या पानांत लेखकांचे रक्त कोणी मिसळले नाही. ते जेथे आटावयाचे तेथे आटले होते. त्यांची किंमत त्यांतील मजकुरावरून ठरली.

आपण काय करावयाचे?

काही साथी म्हणतील की, आता वृत्तपत्रांचा जमाना उरला नाही, सारे काही भ्रमणध्वनीवर येते, तेव्हा संपादकांशी भांडण्यात अर्थ नाही. हे खरे मानले तरी प्रश्न सुटत नाही, तो आपल्या अंगणात येतो. पूर्वी अफवा फुकट छापणारे मूठभर होते. आज आपण प्रत्येक जण तिचे विनावेतन वार्ताहर झालो आहोत. प्रकाशकाला, वाहिनीला आणि सत्ताधाऱ्याला याहून सोयीची व्यवस्था सापडली नसती. म्हणून काही गोष्टी नेमाने करणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट, प्रत्येक बातमीला तीन प्रश्न विचारण्याची सवय आपल्या शाखांतील वाचनवर्गांतून लावली पाहिजे. हे कोण सांगतो? त्याला त्यातून काय मिळते? ज्याच्याविषयी सांगितले आहे त्याला विचारले काय? तेंडुलकरांच्या रक्ताची बातमी या तीन प्रश्नांपुढे एक मिनिटही टिकली नसती. दुसरी गोष्ट, खुलाशाचा हक्क. जी बातमी पहिल्या पानावर येते तिचे खंडन पहिल्याच पानावर, तेवढ्याच मथळ्यात आले पाहिजे, आणि ती कोणी पुरवली होती हे वाचकाला सांगितले पाहिजे. ही मागणी वाचकांच्या सहीने संपादकांकडे आणि वृत्तपत्र परिषदेकडे वारंवार गेली पाहिजे. परिषदेला दात नाहीत हे खरे; पण ते द्यावेत ही मागणीही आपणच करावयाची आहे. तिसरी गोष्ट, जे छोटे पत्र, जे तालुक्याचे साप्ताहिक, जो एकटा वार्ताहर तपासून लिहितो, त्याची वर्गणी भरली पाहिजे. खरी बातमी महाग असते हे एकदा मान्य केले की ती फुकट मागण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही. अकरलॉफच्या बाजारात चांगला माल टिकवावयाचा असेल तर तो ओळखून त्याला किंमत देणारा ग्राहक लागतो. तो ग्राहक संघटितच असू शकतो.

आणि चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. मोर्चाला दोन हजार लोक असताना 'वीस हजारांचा जनसागर' असे पत्रक काढण्याची सवय आपल्याकडेही आहे. आपल्या नेत्याच्या पुस्तकाची 'पहिली आवृत्ती आठवड्यात संपली' असे आपणही सांगतो, आणि आवृत्ती किती प्रतींची हे सांगत नाही. आपली अफवा पुरोगामी आणि त्यांची प्रतिगामी, असा भेद सत्याच्या दरबारी होत नाही. ज्या दिवशी आपण आपल्या मोर्च्याची माणसे मोजून, जेवढी होती तेवढीच सांगू, त्या दिवशी संपादकाला जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला पुरता प्राप्त होईल. ही मोजणी येत्या मोर्चापासून सुरू करता येईल. तिला पैसा लागत नाही. चार कार्यकर्ते आणि एक वही लागते.